राखीचे अठ्ठेचाळीस तास

उपनगर, नाशिक रोड
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

आदरणीय उज्वलाआत्या,

सविनय जयभीम.

साडेचार महिने तुला पत्र नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो आणि मगच पुढे जातो. वेळ मिळाला नाही असं मात्र लिहिणार नाही. गेल्या दोन महिन्यांत मी दोनशे सोळा माणसांना त्यांच्या आठवड्याचा हिशेब विचारला आहे, आणि 'मरायला वेळ नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांच्या आठवड्यातून बोलता बोलता आठ-दहा मोकळे तास निघालेले पाहिले आहेत. तेव्हा ती सबब माझ्या तोंडी शोभत नाही. डायरी काढून पाहिली. ऑक्टोबरपासून अठरा रविवार गेले, हा एकोणिसावा. अठरापैकी पाच रविवारी मी खरोखर कामावर होतो. उरलेल्या तेरा रविवारी काय केलं तेही डायरीत आहे, पण ते कळवून माझ्याबद्दलचं तुझं मत बिघडवणार नाही. (एका रविवारी नुसतं 'पंखा पुसला' एवढंच लिहिलंय.)

तुझी प्रकृती कशी आहे? गुडघ्याला तेल लावतेस का, की तेल आणून कपाटात ठेवलंयस? लासलगावात सध्या लाल कांद्याची आवक जोरात असणार, म्हणजे ट्रॅक्टरांची रांग तुझ्या फाटकापर्यंत येत असणार, आणि दूधवाल्याला वाट करून द्यायला तू छडी घेऊन रस्त्यावर उभी राहत असणार. (शाळेची छडी निवृत्त होताना जमा करायला हवी होती. ती तू केली नाहीस हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

इकडे सगळे ठीक. दादांच्या डोळ्यांत दिवसातून तीन वेळा थेंब घालावे लागतात, ते घालून घेताना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते लहान मुलासारखी मान फिरवतात. बाकी तुझा भाऊ खणखणीत आहे. पायल अकरावीत गेली आणि माझ्या प्रत्येक वाक्याला 'पप्पा, प्लीज' एवढंच उत्तर देते. तुझ्या भाचेसुनेच्या, राखीच्या बाबतीत मात्र एक मोठी गोष्ट घडली आहे. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे, तिथे तिला स्टोअरकीपरची नोकरी देऊ केली आहे. दोन मार्चला हजर व्हायचं, आणि हो की नाही ते परवा मंगळवारपर्यंत कळवायचं. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. घ्यावी की न घ्यावी, यावर आमचं घर गेला आठवडाभर अधांतरी लटकलंय. हा सगळा प्रकार उघडकीला आला तो माझ्या कामामुळे, आणि खरं सांगायचं तर माझ्या कामातल्या चुकीमुळे. म्हणून क्रमानं सांगतो.

मी हल्ली नेमकं काय करतो, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. (आणि त्याखाली 'पोटापाण्याचं' असं कंसात लिहिलं होतंस, ते मनाला लागलं, पण ते असो.) एका संस्थेनं कामाच्या तासांची पाहणी काढली आहे, तिच्यात मी कंत्राटावर घरोघर फिरतो. प्रश्न दोनच आहेत. पहिला : गेल्या सात दिवसांत तुम्ही प्रत्यक्षात किती तास काम केलंत? हे 'खरे तास'. दुसरा : कमाई त्या हिशेबानं कमी-जास्त होणार असेल, तर आठवड्याला किती तास काम करायला तुम्हाला आवडेल? हे 'हवे तास'. बस. ऐकायला इतकं सोपं, की प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी चहाच्या आतच आम्हाला सगळं आल्यासारखं वाटलं. संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झालेला तिथे मी एकटाच होतो, त्यामुळे मला तर चहाच्याही आधी आलं.

या कामात एक नियम आहे आणि तो मला मनापासून पटलेला आहे : ज्याचे तास त्याच्याच तोंडून. बापानं मुलाचे सांगायचे नाहीत, नवऱ्यानं बायकोचे सांगायचे नाहीत, माणूस घरी नसेल तर पुन्हा जायचं. आमचे पर्यवेक्षक हर्षल सर (वय अठ्ठावीस, ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो, दोघांनाही अवघडल्यासारखं होतं) यांनी विचारलं की हा नियम कशासाठी असेल. मी उभा राहून पाच मिनिटं बोललो. माणसाला स्वतःच्या कष्टांचा अंदाज चुकतो खरा, पण दुसऱ्याच्या कष्टांचा अंदाज नेहमी एकाच बाजूला चुकतो, असं काहीतरी म्हणालो. टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी, बारा डिसेंबरला, जेवणाच्या सुट्टीआधी सर म्हणाले की सराव म्हणून प्रत्येकानं टॅबवर आपल्याच घरचा फॉर्म भरा. मी भरला. माझं पान अत्यंत काटेकोरपणे भरलं, जाण्यायेण्याची वेळ वेगळी काढली, तोंड धुण्याची वेळ वगळली. मग राखीचं पान आलं. तेही भरलं. खाली दोन बटणं होती, त्यातलं एक दाबलं आणि जेवायला गेलो. वांग्याची भाजी होती.

माझ्या वाट्याला सिन्नर तालुक्यातली चार गावं आली. पहिल्या गावातलं पहिलं घर खंडेराव नावाच्या शेतकऱ्याचं. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. माणूस बोलका. स्वतःचे खरे तास एक्केचाळीस सांगितले, ते मी लिहिले. मग बायकोच्या पानावर आलो तर म्हणतात, "तिचं काय लिहायचं? ती घरीच अस्ती." हे शब्द त्यांच्या तोंडात असतानाच त्यांची बायको कुसाबाई डोक्यावर गवताचा एवढा मोठा भारा घेऊन आमच्या समोरून गेली, की काही काळ मला खंडेराव दिसेनासे झाले. मी नम्रपणे नियम सांगितला. खंडेराव दुखावले. "सायेब, तीस वरसं झाली लग्नाला. मला नाय म्हाईत तर कोणाला?" मी म्हणालो, तरी त्यांनाच विचारावं लागेल. (इथे मला स्वतःचा अभिमान वाटला. त्या दिवशीच्या डायरीत तशी नोंद आहे. ती आता वाचवत नाही.)

कुसाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सांगू लागल्या. पहाटेची धार, डेअरीला दूध, भाकऱ्या, गोठा, गवत, खुरपणी, पुन्हा धार. सोमवारपासून रविवारपर्यंत एक दिवस सोडला नाही. मी बेरीज केली : त्र्याहत्तर तास. खंडेराव टॅबमध्ये डोकावले. "माझे किती म्हनले होते?" एक्केचाळीस. "खोडा ते. मी घाईत सांगितलं. ऐंशी करा." पायरीवरून कुसाबाई शांतपणे म्हणाल्या, "पारावरचे धरले काय?"

मग मी त्यांना दुसरा प्रश्न विचारला. हवे तास किती? हा प्रश्न विचारला की माणसं गप्प होतात, हे मी दोनशे सोळा वेळा पाहिलं. कुसाबाई बराच वेळ अंगठ्यानं पायरीवरची माती उकरत राहिल्या आणि म्हणाल्या, "तीस. पण देनार कोन? तुमी?" मी म्हणालो की मी फक्त लिहून घेतो. "मग लिहा," त्या म्हणाल्या, "नीट लिहा."

या 'नीट लिहा'नं घोटाळा केला. मी जेवायला गेलो तेवढ्यात गावात बातमी पसरली की नाशिकहून साहेब आलाय आणि तो तास देतोय. परत आलो तर खंडेरावांच्या ओट्यासमोर तीसेक माणसं, हातात आधार कार्डांच्या झेरॉक्स. कुणाला बारा तास हवे होते, कुणाला पोराच्या नावावर हवे होते. एका बाईनं विचारलं, नणंदेला मिळाले तेवढेच मला मिळतील ना. मी पाऊण तास समजावलं की ही योजना नाही, पाहणी आहे. समजलं असं वाटेपर्यंत एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत पुढे आले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मला दोनच द्या. पन सकाळचे. दुपारचं मला झोप लागती." आत्या, त्यांना नाही म्हणणं मला फार जड गेलं.

दुसऱ्या गावात वेगळीच तऱ्हा. तिथे उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. बायकांची एक टोळी एकरावर उक्तं काम घेते, म्हणजे शेत लावून संपवायचं, मग ते किती वेळात संपतं ते त्यांचं त्या बघतात. या टोळीच्या मुकादम धोंडाबाई. साठीच्या आत-बाहेर, आवाज असा की पलीकडच्या शेतातली टोळीही त्यांच्या हुकमानं उठते-बसते. मी बांधावर उभा राहून विचारलं, मावशी, गेल्या सात दिवसांत किती तास काम केलंत? "तास?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "आमी वाफे मोजतो. सोमवारी बावीस, मंगळवारी चोवीस, बुधवारी पान्याचा पाइप फुटला तर आठ. लिही." माझ्या फॉर्ममध्ये वाफ्याचा रकाना नव्हता. मी म्हणालो, एका वाफ्याला किती वेळ लागतो? "कोन लावतंय त्याच्यावर हाय. माझी सून लावंल तर झटकन. तू लावलास तर आखाजी येईल." (अक्षय्य तृतीया तेव्हा निदान तीन महिने लांब होती.)

आता यावर शहाण्या माणसानं हसून सोडून द्यावं. मी म्हणालो, मग मोजूनच पाहू. घड्याळ लावून बांधावर बसलो. पाच मिनिटांत धोंडाबाईंनी माझ्या हातात रोपाची जुडी दिली. "बसल्या बसल्या मोजायला काय जातंय, लावता लावता मोज." मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओल्या वाफ्यात उतरलो. पहिली ओळ लावली, मागे वळून पाहिलं, अर्धी रोपं झोपलेली. धोंडाबाईंनी ती उपटून माझ्या हातात परत दिली. "आंगठ्यानं दाब. ते कांदा हाय, कुंकू नाय." बायका इतक्या हसल्या की माझ्या मते त्या दिवशीचे खरे तास वीस मिनिटांनी वाढले असतील. एका वाफ्याला मला एक तास दहा मिनिटं लागली. सूनबाईंना एकोणीस मिनिटं. पण त्या एकोणीस मिनिटांवरून मी टोळीतल्या अकरा जणींचे तास काढले, प्रत्येकीला तिचे तिचे वाफे विचारून, प्रत्येकीच्या तोंडून. हर्षल सर म्हणाले, काका, हे पुस्तकात घालण्यासारखं आहे. (आणि जो तास-दहा मिनिटं मी स्वतः लागवड केली ती माझ्या खऱ्या तासांत धरायची की नाही, यावर डायरीत दीड पान आहे. शेवटी धरली नाही. लावलेला वाफा सूनबाईंनी नंतर पुन्हा लावला, म्हणजे माझं काम झालंच नव्हतं.)

असा सगळा ताठ मानेनं कारभार चालला असताना, एकवीस जानेवारीच्या बुधवारी हर्षल सरांचा फोन आला. तुमच्या एका फॉर्मवर लाल शेरा पडलाय, ताबडतोब ऑफिसला या. आमच्याकडे दहातल्या एका घरी फोन करून उत्तरं पुन्हा विचारतात. हर्षाली नावाची एक मुलगी दिवसभर हेच करते. मी वाटेत बसमध्ये एकेक घर आठवत गेलो. खंडेराव? त्यांनी रागानं काही सांगितलं असेल का? सकाळच्या दोन तासांवाले आजोबा? ऑफिसात पोचलो तर सरांनी टॅब माझ्याकडे फिरवला. वर कुटुंबप्रमुखाचं नाव होतं. माझं.

बारा डिसेंबरला वांग्याच्या भाजीच्या घाईत मी 'सराव' ऐवजी 'पाठवा' दाबलं होतं. आमचं घर चाळीस दिवस खऱ्या घरांमध्ये जाऊन बसलं होतं, आणि राखीच्या पानावर मी लिहिलेलं होतं : खरे तास शून्य, हवे तास शून्य. हर्षालीनं फोन केला तो राखीला. काय बोलणं झालं ते हर्षालीनं शब्दन् शब्द लिहून ठेवलंय (मुलगी कामाची आहे), आणि ते मला हर्षल सरांसमोर उभ्यानं वाचावं लागलं.

"ताई, तुम्ही सांगितलंय की तुमचे खरे तास शून्य आणि हवे तास शून्य. बरोबर ना?"

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, ताई. बारा डिसेंबर, दुपारी एक वाजून दहा मिनिटं."

"तेव्हा मी सासऱ्यांच्या डोळ्यात थेंब घालत होते. माझ्याशी कोणी बोललेलं नाही."

"मग खरे किती लिहू?"

"लिहा." पुढे अर्धं पान यादी आहे. बेरीज एकाहत्तर.

"आणि हवे?"

"अठ्ठेचाळीस. पगाराचे."

मी टॅब खाली ठेवला. हर्षल सर खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसती भिंत आहे. मग म्हणाले, "काका, तांत्रिक चूक असं लिहून द्या. सरावाचा फॉर्म चुकून गेला. खोटं तर नाही ना?" खोटं नव्हतंच. मी चार मसुदे केले. पण आत्या, तू मला लहानपणी एकच गोष्ट शिकवलीस, की उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवायची. बोट चुकलं ही तांत्रिक चूक. शून्य लिहिलं ती कुठली? ती काही टॅबनं लिहिली नाही. शेवटी खुलाशात लिहिलं की बटण चुकीचं दाबलं गेलं. शिवाय उत्तरही चुकीचं होतं. उत्तरदात्री त्या वेळी हयात, शुद्धीवर आणि फोनवर उपलब्ध होती, तरी तिला विचारलं नाही. सरांनी वाचून मोठा श्वास घेतला. "एवढं खरं कुणी मागितलं नव्हतं, काका." फॉर्म रद्द झाला. पुढची फेरी माझ्याकडेच राहिली, मात्र त्याआधी मला नव्या मुलामुलींबरोबर प्रशिक्षणाला पुन्हा बसायचं आहे. या वेळी उभा राहून बोलणार नाही.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर राखी भाकऱ्या थापत होती. ताट वाढलं. भाकरी संपत आली तेव्हा म्हणाली, "अजून हवी का? की थांबा, मीच ठरवते. नको तुम्हाला." आणि टोपलं उचलून आत गेली. पायल हसू दाबत मोबाइलमध्ये पाहत होती. दादा म्हणाले, "काय केलंस रे हिला?" मी म्हणालो, शून्य. पुढे खुलासा करण्याची माझी तयारी होती, पण राखीनं आतून एक कागद आणून ताटाशेजारी ठेवला. कारखान्याचं मुलाखतीचं पत्र. नोव्हेंबरातच अर्ज केला होता. लग्नाआधी सातपूरला चार वर्षं तिनं स्टोअर सांभाळलंय. कुठल्या फळीवर कुठला माल आहे ते ती डोळे मिटून सांगायची. हे मला माहीत होतं, आत्या. मी फक्त त्याला भूतकाळ समजत होतो. "मग आधी का नाही बोललीस?" मी विचारलं. "तुम्ही घरोघर विचारत फिरताय," ती म्हणाली. "म्हटलं, आपलं घर यादीत येईल कधीतरी."

अठ्ठावीस तारखेला मुलाखत झाली, त्यांनी तिथल्या तिथे पसंत केलं आणि चार दिवसांनी पत्र पाठवलं. त्याच दिवशी, म्हणजे गेल्या रविवारी, मी रीतसर तिला विचारायला बसलो. म्हणजे टॅब घेऊन नाही (तो घरगुती कामाला वापरायचा नसतो), वहीत. तिनं आधी अट घातली की उत्तरदात्याला चहा मिळतो, तुम्हाला सगळीकडे मिळतो. मी केला. पत्ती जास्त पडली, ती प्याली. सगळं सांगून झाल्यावर वही स्वतःकडे ओढली आणि मला विचारायला लागली. माझे खरे तास बावन्न. हवे तास? मी म्हणालो, आहेत तेवढे ठीक आहेत. "घरातले किती?" मी म्हणालो, असा रकाना फॉर्ममध्ये नाही. तिनं पट्टी घेऊन आखला. तो भरताना मला पहिल्यांदा कळलं की दुसरा प्रश्न विचारल्यावर माणसं गप्प का होतात. मी नऊ सांगितले. तिनं 'पंखा पुसला' धरून साडेपाच लिहिले. त्यानंतर आम्ही बरंच समजुतीनं बोललो, आणि तेव्हापासून दादांचे सकाळचे थेंब मी घालतो. मानही आता कमी फिरवतात.

तेव्हा एकूण पाहता सगळं मार्गी लागेल याबद्दल मला शंका नाही. कामाच्या ठिकाणी माझा शब्द अजून चालतो, घरात चालू लागेल. तुझ्या प्रकृतीला जप. पायलचा तुला जयभीम, दादांचा आशीर्वाद, राखी खाली स्वतः दोन ओळी लिहिणार आहे.

तुझा भाचा,
धम्मपाल

ता. क. : एक राहिलंच. अगदी छोटी गोष्ट आहे. कारखान्याची बस सकाळी सव्वासातला निघते आणि राखी परत यायला सहा वाजतील. माझं फिरतीचं काम, पायलचं कॉलेज. दादांचं दुपारचं जेवण, एकचे थेंब, पाचचे थेंब आणि गॅस बंद आहे ना हे पाहणं, एवढंच उरतं. तू तिथे एकटी असतेस, दिवसभर तुला काही उद्योग नसतो, भावाजवळ राहायला तुला आवडेलच. म्हणून या महिनाअखेरीला सामान घेऊन ये आणि निदान एक वर्ष राहा. गॅलरीकडची खोली तुझी. मी हिशेब केला आहे : आठवड्याला जेमतेम चोवीस तास भरतात, तुझ्या वयाला सहज झेपतील. अठ्ठावीसला शनिवार आहे, घ्यायला येतो. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. वरचं सगळं ओघात आलं.

ता. क. २ : वरचा ता. क. वाचला नाहीस असं समज. राखीनं दोन ओळी लिहायला पत्र हातात घेतलं आणि सगळंच वाचलं. म्हणाली, "आत्यांना विचारलंत?" मी म्हणालो, तेच तर विचारतोय. "हे विचारणं नाही. हे कळवणं आहे." मग तिच्याकडून कळलं की तू रोज दुपारी चार ते सहा, कांदा निवडणाऱ्या बायकांना वाचायला शिकवतेस. नऊ जणी आहेत. त्यातल्या दोघी एसटीच्या पाट्या वाचू लागल्या. हे राखीला दिवाळीपासून माहीत आहे, कारण ती तुला दर बुधवारी फोन करते. मला माहीत नाही, कारण मी तुझे तास घरबसल्या भरून टाकले. आत्या, सोबत कोरा कागद जोडला आहे. त्यावर दोनच प्रश्न आहेत, तुला पाठ झालेच असतील. तुझ्या अक्षरात भर. हव्या तासांपुढे शून्य लिहिलंस तरी चालेल. ते उत्तर आम्ही पूर्ण धरतो.

ता. क. ३ : आत्याचं उत्तर मंगळवारच्या आत यायचं नाही, मग कारखान्याला काय सांगायचं, असं मी राखीला विचारलं. ती म्हणाली, होकार कळवून झाला. परवा शुक्रवारी, सकाळी अकराला, फोनवरून. त्या वेळी मी सिन्नरमध्येच होतो, कारखान्यापासून फार तर दोन किलोमीटरवर, एका घरी नियम समजावून सांगत. तर अठ्ठेचाळीस तासांचा प्रश्न मिटला. (मला आनंद झाला. तिनं विचारलं, खरंच का? मी म्हणालो, खरंच. तिनं लिहून घेतलं.) आता राहिले दादा. जेवण कोण देणार, थेंब कोण घालणार, शेजारी कोण बसणार, हे आम्ही आठवडाभर त्यांच्याच डोक्यावरून बोलतोय, आणि ते बाहेरच्या खोलीत बसून ऐकत असतात. प्रेसमध्ये पस्तीस वर्षं भोंग्यावर आत गेलेला, भोंग्यावर बाहेर आलेला माणूस. कान अजून शाबूत आहेत. आज पत्र पाकिटात घालताना लक्षात आलं, की या घरात आता एकच पान कोरं राहिलंय.

उद्याचं काम : दादांना विचारणे.